लाखेचं सील

उद्या पिल्लू आणायला निघालात म्हणे? हस्की. पुण्यात. मे महिन्यात. छान. त्याच्यासाठी सिमल्याला फ्लॅट बघितलाय का?

नाही रे आयुष, मी कोण अडवणारा. लाइट गेलेत, लिफ्ट बंद आहे, तुम्हाला नऊ मजले चढायचा कंटाळा आलाय आणि मला झोप येत नाही, एवढंच. बसा या कट्ट्यावर. संस्कृती, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर बघू, डोळ्यांवर येतो.

तुम्हाला माहीत आहेच, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी एकतीस वर्षं ड्रेसर होतो. म्हणजे डॉक्टर टाके घालणार आणि आम्ही बैलाचे पाय धरणार. शेवटची नऊ वर्षं डॉक्टर शालन कांबळे यांच्या हाताखाली काढली. सांगतोय ती गोष्ट त्यांची. त्यांनी स्वतः मला सांगितली, भर दुपारी, दवाखान्याच्या पायरीवर बसून. गाईचा ताप एकशे एक पूर्णांक चार असेल तर एकशे एक पूर्णांक पाच लिहू द्यायच्या नाहीत अशी ती बाई. तेव्हा खरं-खोटं तुमचं तुम्ही ठरवा.

दोन हजार अठरा साल. आठ नोव्हेंबर, गुरुवार, दिवाळीचा पाडवा.

शालनबाई त्या दिवशी ड्युटीवर होत्या. सणाला नेहमी त्याच असायच्या. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, त्यामुळे घरात दिवाळी नव्हती. दिवाळी जवळ आली की साहेब हसत हसत म्हणायचे, "तुमच्याकडे काही नसतं ना मॅडम? मग तुम्हीच सांभाळा." बाई सांभाळायच्या. वैशाखी पौर्णिमेला मात्र हे शहाणपण कुणाला आठवायचं नाही.

संध्याकाळी सहाला लोणी काळभोरहून फोन आला. कुणाच्या तरी बैलाच्या पाठीवर रॉकेट पडलं होतं. बाईंनी ॲक्टिव्हा काढली, जाऊन जखम धुतली, मलम लावलं, इंजेक्शन दिलं. घरच्यांनी फराळाची ताटली पुढे केली, तीतले दोन घास खाल्ले. साडेसात वाजले होते. आता मांजरीचा पूल ओलांडायचा आणि खराडीला घरी जायचं. रोजचा रस्ता. पण पुलाच्या अलीकडे उजव्या हाताला एक कच्ची वाट नदीकडे उतरते, तिथं त्यांनी गाडी वळवली. सील जागेवर आहे का, तेवढं बघून यावं म्हणून.

कसलं सील, ते आधी सांगतो.

त्या वाटेच्या टोकाला जयसिंग नावाचा एक गडी राहायचा. चाळिशीचा. बापजाद्यांची जमीन रस्त्यात आणि आयटीवाल्यांच्या टॉवरांत गेली, उरला नदीकाठचा दीड एकराचा तुकडा. त्यात त्यानं कुत्री लावली. लावली म्हणजे ऊस लावतात तशीच. लॅब्रेडॉर, पग, तुमची ती हस्की. वर्षातून दोनदा पिल्लांची काढणी, मोबाइलवर फोटो, आणि माल घरपोच. नुकताच नवा नियम आला होता, की कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यानं नोंदणी करायची आणि तपासणी करून घ्यायची. त्या तपासणीला पाडव्याच्या सहा दिवस आधी, म्हणजे दोन नोव्हेंबरला, शालनबाई तिथं गेल्या होत्या. बरोबर पोपट हवालदार आणि दोन पंच.

तपासणीची नोटीस आठवडाभर आधी द्यावी लागली होती. आठवड्यात काय काय करता येतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पिंजऱ्यांना नवा रंग, सगळीकडे फिनेलचा वास, अकरा कुत्री आंघोळ घालून उभी. कागदपत्रं फाइलला लावलेली. पण पलीकडे चुलीवर जयसिंगची आई बायडाबाई भात शिजवत होती, आणि पातेलं होतं लग्नघरातलं.

"अकरा कुत्र्यांना एवढा भात?" बाईंनी विचारलं.

"आमी बी खातो की मॅडम," जयसिंग म्हणाला.

तारेच्या कुंपणापलीकडे पन्नास पावलांवर एक पत्र्याची शेड होती. लोखंडी शटर, खाली कुलूप. बाई तिकडे निघाल्या तसा जयसिंग आडवा आला. "ते आपलं न्हाई मॅडम. तुमच्या कागदावर गट नंबर दोनशे चौदा हाय. ही शेड दोनशे पंधरात हाय. चुलतभावाची हाय, आत भंगार हाय, आन् चावी घेऊन त्यो गेलाय बेळगावला."

कागदावर दोनशे चौदाच होतं. बाईंना कुलूप तोडायचा अधिकार नव्हता. पण शटरला कान लावायला कोण अडवणार? दहा मिनिटं त्या कान लावून उभ्या राहिल्या. पत्र्यावर थापा मारल्या. कुत्र्याच्या दारात परकं माणूस आलंय, पत्रा वाजतोय, आणि कुत्रं भुंकत नाही, असं होतं का कधी? आत एक जरी असतं तरी बोंबललं असतं. आतून काही म्हणजे काही नाही.

तरी बाईंचं मन मानेना. मग पोपट हवालदारानं तोड काढली. "सील मारून ठिवू मॅडम. रातोरात काय हलवायला नको. दोनशे पंधराचा आदेश आणा, मग उघडू. याची हरकत नसंल तर देईल की लेखी."

आणि जयसिंगनं दिली. लगेच दिली, हसत सही केली. तिथंच शालनबाईंची खात्री पटली, की आत भंगारच आहे. आत जिवंत जनावर असताना बाहेरून सील मारायला कुठला माणूस सही देईल? विचार अगदी सरळ होता. त्यांनी कुलपाला फडकं गुंडाळलं, वर सुतळी आवळली, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि पितळी शिक्का दाबला. कागदावर तारीख घातली. म्हातारी बायडाबाई चुलीपासून उठून कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. ती बघत होती, पण बोलली काही नाही.

सोमवारी बाईंनी नव्या आदेशाची फाइल पाठवली. साहेब गावाला गेले होते. क्लार्क म्हणाला, "आता दिवाळीनंतर बघू."

हं. तर पाडव्याची रात्र.

पावणेआठ वाजले असतील. जयसिंगच्या घराला कुलूप होतं. दारात पणती नाही, कंदील नाही. बायकापोरं घेऊन तो सासुरवाडीला गेला होता. पिंजरेही रिकामे, ती अकरा कुत्री कुठं ठेवून आला होता कोण जाणे. पलीकडे खराडीच्या बाजूला आभाळात फटाक्यांची आतषबाजी चाललेली. बाईंनी ॲक्टिव्हा कुंपणाशी लावली आणि टॉर्च घेऊन शेडकडे चालू लागल्या. नदीचा वास येत होता. आपल्या नदीकाठी वासाचं कुणाला काही वाटत नाही, त्यांनाही वाटलं नाही.

शटरसमोर बायडाबाई बसली होती. जमिनीवर. अंधारात.

"उघडायला आलाय व्हय?" म्हातारीनं विचारलं.

"नाही आजी. नुसती बघायला आले. तुम्ही इथं काय करताय?"

"आत सा हायती," म्हातारी म्हणाली.

"काय सहा?"

"कुत्र्या. म्हाताऱ्या झालेल्या. पिल्लं कमी द्याया लागल्या म्हून हिकडं घातल्या. एक गाभण हाय."

शालनबाईंनी टॉर्च शटरवर धरला. "मग त्या दिवशी भुंकल्या का नाहीत? मी पत्र्यावर एवढ्या थापा मारल्या!"

म्हातारीनं दोन बोटं स्वतःच्या गळ्यावरून ओढली. "त्यो आवाज काढून आणतो त्यांचा. नरडं कापून. टावरातली मान्सं तक्रार करत्यात ना. झोप मोडती म्हून."

असं करणारे लोक असतात, हे बाईंनी वाचलं होतं. वाचलं होतं, आणि शटरला कान लावून उभं असताना आठवलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "दत्तोबा, वीस वर्षांची डॉक्टरकी त्या एका मिनिटात मातीत गेली."

"आजी, तुम्ही का नाही उघडलं? दगडानं तोडायचं कुलूप!"

"सरकारी शिक्का हाय बाई त्यो," म्हातारी म्हणाली. "आमची सोळा एकर अशाच शिक्क्याच्या कागदानं गेली. त्याला हात लावला तर मला धरून न्हेतील, असं जयसिंग सांगून गेला. शनवारी शटराखालनं पाणी वतलं व्हतं मी."

बाई खाली बसल्या, मग जमिनीवर आडव्याच झाल्या. जमीन खडबडीत असल्यानं शटरखाली दोन बोटांची फट होती. त्यांनी टॉर्च लावून बघितलं, पण फटीतून काळोखाशिवाय काही दिसेना. मग बोटं आत सरकवली.

कुणीतरी चाटली.

मऊ, ओली, कोमट जीभ. एकदा... दोनदा... सावकाश. आवाज नाही. नुसता श्वास. हफ्... हफ्... जसं काही भुंकायचंय आणि भुंकता येत नाही.

"आहेत! आजी, जिवंत आहेत!" बाई ओरडल्या. त्यांना रडू फुटलं. त्यांनी डिकीतली पाण्याची बाटली आणली आणि फटीतून हळूहळू ओतली. आतून लप्... लप्... लप्... पाणी संपेपर्यंत आवाज येत होता.

त्यांनी साहेबांना फोन लावला. पाच वेळा लावला. सहाव्या वेळी साहेबांनी उचलला. मागे हसणं, भांड्यांचे आवाज. "मॅडम, गट नंबर वेगळा आहे. आदेशाशिवाय उघडलंत तर केस तिथंच संपली. सोमवारी मी सही करतो, सोमवारी उघडा. चार दिवस दम धरा की." पोपट हवालदाराला लावला. तो म्हणाला, "मॅडम, पाडव्याला पंच कुठनं आणू मी? ओवाळायला बसलोय."

बाईंनी बाजूचा दगड उचलला. चांगला दोन्ही हातांत मावेल एवढा.

आता तुम्हाला वाटेल, त्यात काय, मारायचा की. चार वर्षांपूर्वी त्यांनी तेच केलं होतं. म्हशींचा एक गोठा आदेश नसताना उघडला. म्हशी वाचल्या आणि बाई चौदा महिने निलंबित झाल्या. त्यांच्या मुलीचं, मैत्रीचं, कॉलेज अर्ध्यात सुटायची वेळ आली होती. गोठेवाला सुटला तो सुटलाच. वर खात्यात बोललं गेलं, की कांबळेबाईंना कायदा हातात घ्यायची सवयच आहे. आडनाव बघून चुका मोजणारे लोक सगळीकडे असतात बाबा, फक्त मोजताना हसतमुख असतात. या खेपेला सील तर त्यांचं स्वतःचं. ते फोडलं असतं तर जयसिंग म्हणणार, बाईंनीच रात्री येऊन काहीतरी केलं.

आणि आत जीव होता. जीभ कोमट होती. पाणी पीत होती. चार दिवस पाणी मिळालं तर कुत्रं तगतं, हे त्या डॉक्टर म्हणून जाणत होत्या.

त्यांनी दगड खाली ठेवला.

"आजी, ऐका माझं. सोमवारी सकाळी मी येते. तोवर रोज दोनदा इथून पाणी ओता. पेज ओता. ओताल ना?"

म्हातारीनं मान वर केली.

"कुनाला?"

"कुणाला म्हणजे? आत जिवंत आहेत त्यांना!"

"बाई," म्हातारी म्हणाली, "आत कोन बी जितं न्हाई. ऐतवारपतुर खरवडत व्हत्या. पत्रा खरवडायच्या. सोमवारी पहाटं थांबलं. मी हितंच व्हते."

...

"म्हून म्हनलं उघडा. पुरायला तरी पायजेत."

दूर कुठंतरी माळ लागली आणि थांबली. बाईंची बोटं अजून ओली होती. त्यांनी ती नाकाशी नेली. कुत्र्याच्या तोंडाचा वास होता. म्हातारी ऐंशीची आहे, तिला ऐकू येत नसेल... त्यांनी स्वतःला सांगितलं. पुन्हा खाली वाकल्या. पुन्हा बोटं फटीत घातली.

थोडा वेळ काही नाही.

मग जीभ. कोमट.

एकदाच.

बाई उठल्या. गाडी सुरू केली. घरी गेल्या.

हो, गेल्या. तोंड काय बघताय माझं? तुम्ही असतात तर दगड मारला असतात, नाही का? मारला असतात तर पायाच पडेन मी तुमच्या. मी असतो तर गेलो असतो. त्याही गेल्या, आणि पुढचे तीन दिवस त्यांना अन्न गेलं नाही.

बारा तारखेला दुपारी एकच्या सुमारास आदेशाचा कागद हातात आला. तीन वाजता आम्ही शेडपाशी होतो. मीही होतो. साहेबांनी स्वतः सील तपासलं. लाख अभंग, सुतळी तशीच. पोपटनं कुलूप तोडलं आणि शटर वर केलं.

पहिल्यांदा वास आला. तो मी सांगत नाही.

सहाच्या सहा मेलेल्या होत्या. पाच मागच्या भिंतीशी. सहावी शटरच्या खांबाला बांधलेली, पिवळट लॅब्रेडॉर. साखळी ताठ ताणलेली, आणि तिचं नाक शटरच्या फटीपासून दोन बोटांवर. बाई तिच्याजवळ बसल्या. कान, डोळे, पोट, सगळं बघितलं. मीही बघत होतो. एकतीस वर्षांत मेलेली जनावरं थोडी नाही बघितली मी. आठवडा झालेला होता. सोमवारच्या पुढची ती नव्हतीच. गुरुवारी रात्री बाईंची बोटं तिथंच गेली होती.

तिच्या पोटाशी पाच पिल्लं होती.

चार मेलेली. पण ताजी. कालची, फार तर परवाची. आणि पाचवं हलत होतं. डोळे मिटलेले, नाळेचा तुकडा अजून पोटाला लोंबत होता. बाईंनी तो बोटांनी चाचपला. पिल्लू चार दिवसांचं होतं. म्हणजे पाडव्याच्या रात्रीचं.

आई सोमवारी मेली. पिल्लं गुरुवारी जन्मली. शनिवार-रविवारपर्यंत ती पाचही जिवंत होती, आणि त्यांच्या पोटात दूध होतं.

साहेब बाहेर जाऊन उभे राहिले. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "दत्तोबा, गुरुवारी ती मला हेच सांगत होती."

पंचनामा झाला. संध्याकाळ होत आली. नदीच्या बाजूला जेसीबीनं खड्डा घेतला. साखळ्या खांबाकडून करवतीनं कापल्या. पण त्या लॅब्रेडॉरच्या गळ्याचा पट्टा मांसात रुतला होता, त्याचा बोल्ट गंजून एकजीव झालेला. तो निघेना. बाई म्हणाल्या, "साखळी काढल्याशिवाय पुरायचं नाही." जेसीबीवाला घड्याळ बघायला लागला. पोपट म्हणाला, "मॅडम, आता काय फरक पडतो तिला?"

बाई बाजूला झाल्या. साखळीसकट तिच्यावर माती पडली. चुना, मीठ, माती.

जयसिंगचं काय झालं विचारताय? काय होणार? शेड चुलतभावाच्या नावावर, चुलतभाऊ म्हणतो मला माहीत नाही, सील बाईंचं. कोर्टात तारखा पडल्या. हल्ली तो दुसरीकडे आहे. धंदा चांगला चाललाय म्हणतात. तुमची हस्की कुठली आहे, विचारलंत का?

असो. पिल्लू बाई घरी घेऊन आल्या, खराडीला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मुलगी हॉस्टेलला, नवरा सोलापूरला नोकरीला. घरात त्या एकट्या. सैपाकघरात भिंतीपासून लांब, मधोमध, पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, त्यात जुनी शाल घातली. दुधाची बाटली तयार केली.

पिल्लू बाटलीला तोंड लावेना.

दर दोन तासांनी त्या उठत होत्या. बोटावर दूध घेऊन चोळलं, ड्रॉपरनं सोडलं. सगळं ओठातून बाहेर. रात्री वजन होतं दोनशे ऐंशी ग्रॅम. पहाटे दमून त्या जराशा आडव्या झाल्या. झोप नव्हती. सैपाकघरातून आवाज आला.

खर्र...

थांबला.

खर्र...

काहीतरी फरशीवरून ओढत यावं तसा. जड. मग एकदम ताणल्यासारखा, आणि पुढे काहीच नाही. नुसता श्वास. हफ्... हफ्...

बाई उठल्या नाहीत. मला म्हणाल्या, "उठून काय सांगणार होते मी तिला?"

सकाळी पिल्लू निपचित होतं. वजन दोनशे साठ. आणि सैपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर एक रेघ होती. भिंतीपाशी सुरू झालेली, तांबूस, बोटभर रुंद. खोक्याच्या दिशेनं आलेली. खोक्यापासून दोन फूट अलीकडेच थांबलेली.

बाईंनी बोट लावलं. गंज होता.

त्यांनी टेप आणली. रेघ मोजली. चार फूट. मग पंचनाम्याची प्रत काढून बघितली. त्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, साखळी एक, लोखंडी, लांबी चार फूट.

त्या उठल्या. बाटलीतलं दूध मोरीत ओतून दिलं. मग खोकं उचललं, आणि रेघ संपते तिथं नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन तीनशे पाच झालं. तिसऱ्या दिवशी तीनशे चाळीस. त्या पिल्लानं बाटली शेवटपर्यंत तोंडात धरली नाही. पंचवीस-सव्वीस दिवसांनी एकदम उठून बाईंच्या ताटातला भात खाल्ला, आणि त्या रात्रीपासून श्वास ऐकू आला नाही.

पण साखळीचा आवाज येत राहिला. पोराचं पोट भरलं, पण तिला जायचं कसं ते कळत नव्हतं, असं बाईंना वाटायचं. म्हणून उन्हाळ्यात त्या मोठं कटर घेऊन नदीवर गेल्या. मला बरोबर नेलं. तिथं पत्र्याचं कुंपण लागलं होतं आणि खड्ड्याच्या जागी टॉवरचा पाया भरला होता. दोन मजले खोल, सगळं काँक्रीट. वॉचमननं अडवलं. म्हणाला, "परमिशन का लेटर है मॅडम?"

बाई कटर घेऊन परत फिरल्या.

पुढे त्यांनी ती रेघ साबणानं घासली. ॲसिडनं घासली. शेवटी गवंडी बोलावून भिंतीपासून खोक्यापर्यंतच्या सगळ्या फरश्या उपटल्या आणि नव्या बसवल्या. गवंडी संध्याकाळी गेला. बाईंनी सैपाकघराला बाहेरून कडी लावली.

सकाळी सातला त्यांनी मला फोन करून बोलावलं. कडी मी माझ्या हातानं काढली.

सिमेंट अजून ओलं होतं. पाऊल उमटलेलं नव्हतं कुठं. आणि नव्या फरशीवर, भिंतीपासून, गंजाची रेघ... चार फूट.